दोघांची कयाक

गुणा कयाक घ्यायची म्हणाला तेव्हा मी भाकरी थापत होते. हातातलं पीठ त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटलं. गुणा माझा नवरा. मी त्याचं नाव घेते म्हणून सासू अजून नाक मुरडते, मुरडू दे.

"हवेची होडी असते," तो म्हणाला. "पंप मारला का फुगते. तो तंबूवाला मितेश विकतोय त्याची. दोन माणसं लागतात."

"दुसरं माणूस कोण?"

"तू."

धरणावर आमच्या वाडीची माणसं ट्रकच्या ट्यूबवर बसून मासे मारतात. ट्यूबवर फळी, फळीवर माणूस, पाय पाण्यात. जाळ्याच्या दोरीचा फास पायाच्या अंगठ्यात घालायचा. हात वल्हवायला मोकळे राहतात आणि मासा लागला की अंगठ्याला कळतं. पोरं चालायला लागली की हे शिकतात.

कोंडूही तसाच शिकला. तो आमच्याच वाडीतला. गुणाचा धाकटा भाऊ जाणू आणि तो एकाच ट्यूबला लटकून पोहायला शिकले. पुढे कोंडू मासेमारीच्या ठेकेदाराकडे राखणदार लागला, त्याला होडी मिळाली आणि माज आला. दिवाळीनंतर एके सकाळी, ठेक्याच्या पाण्यात जाळं टाकलं म्हणून, त्याने कमरेचा कोयता काढून जाणूची ट्यूब फाडली. मी काठावर कपडे धूत होते, मी पाहिलं. जाणू पट्टीचा पोहणारा, पण जाळं खाली बुडीत झाडांच्या बुंध्यांत अडकलेलं आणि फास अंगठ्यात. तो वर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी काढला तेव्हा डोळे माशांनी खाल्ले होते. अंगठा हाडापर्यंत चिरला होता, इतकी त्याने ओढ घेतली होती. कोंडूने सगळ्यांना सांगितलं, ट्यूब जुनी होती, आपोआप फुटली. मी बोंब मारून सांगितलं, पण लांबून पाहिलेलं कोण धरतो?

तेव्हापासून गुणाला झोप नाही. ट्यूबवरून होडी गाठता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कयाक मासे धरायला नव्हती, कोंडूला धरायला होती. दीर पाण्याने नेला, आता नवरा फासावर जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"मी नाय बसणार."

"मग मी एकटा जातो गो."

कोंडू त्याच्या दीडपट. एकटा गेला असता तर प्रेत आलं असतं. म्हणून मी गेले. अडवायला जातेय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वाशिंदचा मितेश धरणाकाठी तंबू लावून पर्यटक ठेवतो. त्याने नारिंगी कयाक फुगवून पाण्यात सोडली. "तीन कप्पे आहेत, ताई. एक फुटला तरी दोन तुम्हाला काठाला आणतात. एक राऊंड मारून बघा, मग ठरवा."

गुणाने ना शिवण पाहिली, ना कप्पे दाबले. एवढंच विचारलं, "आवाज होतो काय?"

"अजिबात नाय," मितेश खूश होऊन म्हणाला.

मी पुढे, गुणा मागे. कयाक खरंच सुसाट गेली. डोंगराच्या वळणामागे कोंडू एकटाच ठेकेदाराचं जाळं उचलत होता. गुणाने ती वेळ हेरून ठेवली होती. मी मान वळवली तर शर्टाखाली कोयत्याची मूठ दिसली.

"राऊंड मारायला कोयता कशाला रे?"

"वल्हव."

मी वल्हं वर धरायला हवं होतं. धरलं नाही. खोटं कशाला बोलू, माझेच हात जोरात चालले. मलाही कोंडूचं रक्त बघायचं होतं.

कोंडूने आम्हाला पाहिलं तेव्हा मध्ये दोन हात अंतर होतं. गुणा गुडघ्यावर उठला.

"जाणूच्या अंगठ्यात फास होता. तुला माहीत नव्हतं?"

कोंडूचं तोंड पांढरं पडलं. "माहीत होतं," तो म्हणाला. "रागात विसरलो रे. आईशप्पत विसरलो."

गुणाने कोयता हाणला. कोंडूच्या दंडाचं मांस उघडं पडलं. कोंडूने वल्ह्याने गुणाच्या तोंडावर असा फटका दिला की दोन दात माझ्या मांडीवर येऊन पडले. मग गुणाचा कोयता आमच्याच कयाकच्या कप्प्यात घुसला, हवा फुसफुसली, कयाक कलली आणि दोघं एकमेकांना धरून पाण्यात गेले. कोयता बुडाला. गुणाने दोन्ही हातांनी कोंडूचं डोकं खाली दाबून धरलं.

बुडबुडे आले. मोठे, मग बारीक. पाणी लाल झालं होतं.

"गुणा, सोड!"

तो हसत होता. तोंडातून रक्त गळत होतं आणि माझा नवरा हसत होता. मला त्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती. बुडबुडे थांबायला आले. मी वल्हं उचललं आणि सगळा जीव एकवटून गुणाच्या उजव्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी त्याने सोडलं नाही तेव्हा दुसऱ्यांदा त्याच जागी हाणलं.

कोंडू वर आला. मी त्याला केसांना धरून त्याच्याच होडीच्या कडेला लटकावला. गुणाला कयाकच्या उरलेल्या कप्प्यांवर ओढला. मग होडीत चढून दोघांना ओढत काठाला आणलं. काठावर ओकत, रडत कोंडूने जाणूची ट्यूब फाडल्याचं मितेशसमोर कबूल केलं, नंतर पोलिसांसमोरही केलं; गुणाच्या कोयत्याचं मात्र नाव काढलं नाही. आता तो आत आहे. जिवंत आहे.

फाटलेली कयाक मीच घेतली. ठिगळ लावून मीच चालवते, मीच मासे आणते, कारण गुणाचा उजवा हात गेला. मुरबाडकडच्या हाडवैद्याने बसवला, पण बोटं मिटत नाहीत.

"भावाचा बदला माझा होता, तो तू हिसकावलास," एवढंच तो बोलला. त्याला चार महिने झाले.

भात मी भरवते. डाव्या हाताने तो जेवायला तयार नाही. तोंड उघडतो, पण माझ्याकडे बघत नाही. परवा घास देताना त्याने माझं बोट दातांत धरलं आणि रक्त येईपर्यंत चावलं. मी हात काढून घेतला नाही. त्याने सोडल्यावर दुसरा घास केला.