राक्षसाचा जबडा

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायणाची पूजा असते आणि संध्याकाळी दशावतार. सहा वर्षं त्यातला राक्षस माझा नवरा, मयूर. दरवर्षी त्याचा जबडा थोडा पुढे येत गेला आणि दरवर्षी टाळ्या वाढत गेल्या. "मयूरला मेकप कशाला, देवाने घडवूनच पाठवलाय," मंडळाचा राजेश माइकवरून सांगायचा. खालचे दात वरच्यांच्या पुढे गेल्यामुळे मयूरच्या तोंडी 'स'चा 'थ' व्हायचा. लोक त्यालाही अभिनय म्हणायचे. माणसं इतकी आंधळी असतात, आणि त्या आंधळ्यांत पहिल्या रांगेत मी.

चपलेचा नंबर आठाचा दहा झाला. अंगठी साबण लावूनही निघेना. भाकरी पुढच्या दातांनी तुटेना, म्हणून तो हाताने बारीक तुकडे करून दाढेखाली सारायचा. मी म्हणायचे, वय झालं की माणूस सुटतोच. वय होतं चौतीस. शेवटी दाढ काढायला परळला गेला, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ बाजूला ठेवून जुना फोटो मागितला. मग तपासण्या झाल्या. मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ होती आणि तिच्यामुळे वाढीचं हार्मोन नको तितकं तयार होत होतं. गाठ नाकातून काढली, हार्मोन ताळ्यावर आलं. "पण वाढलेलं हाड आपणहून मागे जात नाही," बाई म्हणाल्या. दीड वर्ष दातांना तारा, मग जबडा कापून मागे बसवायचा.

तारा लावून घेतल्या, पण ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर मयूर अडून बसला. "मग राक्षस कोण करणार?"

"करेल दुसरं कुणी. तू आधी नीट जेव."

"जेवायला काय, पेज पण चालते. तिथे लोक मला बघायला येतात गो."

मी भांडले, चार दिवस अबोला धरला आणि त्याला नेलंच. जूनमध्ये ऑपरेशन झालं. चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला नाही, पण निदान त्याच्या भावासारखा दिसायला लागला.

जानेवारीत राजेश नव्या राक्षसाला, विकासला, घेऊन घरी आला.

"वहिनी, तो शोकेसमधला साचा द्या."

ऑपरेशनआधी घेतलेला जबड्याचा प्लास्टरचा साचा मयूरने हट्टाने घरी आणून ट्रॉफ्यांशेजारी ठेवला होता.

"त्यावरून रबराचा जबडा करून घेतो. पब्लिकला तोच पाहिजे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. निदान मयूर तरी नाही म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. त्याने उठून साचा काढला, रुमालाने पुसला आणि राजेशच्या हातात दिला. वर विकासला शिकवायला बसला, "जीभ दातांच्या मध्ये आण. 'स' सरळ सुटता कामा नये." विकासने म्हणून दाखवलं. राजेशने टाळी वाजवली.

ते गेल्यावर मी तांदळाची भाकरी वाढली. मयूरने ती पुढच्या दातांनी तोडली, सरळ, एका दमात. किती वर्षांनी बघत होते मी.

"पहिल्याच वर्षी कुणी बोललं असतं, तर यातलं काही कापावं लागलं नसतं," तो म्हणाला.

"टाळ्या मीही वाजवल्या."

"माहीत आहे. स्टेजवरून तुझ्याच ओळखू यायच्या."

आणि त्याने दुसरा घास तोडला.