हात मागे

गतिमंद प्रौढांच्या केंद्रात कामाला येणाऱ्या नव्या मुलींना बाईंचा पहिला धडा एकच असे: हात मागे! "ही मोठी माणसं आहेत, गं. तूच सगळं करून दिलंस तर ती शिकणार कधी?"

आजची नवी मुलगी साहेबांसमोर उभी होती. साहेब म्हणजे केंद्रात राहणारे पंचेचाळिशीचे गृहस्थ. नाव रुबाबामुळे पडलेलं. ते गोगलगायीच्या चालीने शर्टाची बटणं लावत होते. मुलीचा हात पुढे सरकला, तशा बाई कडाडल्या, "घाई कुणाला आहे? त्यांना की तुला?" मग साहेबांना म्हणाल्या, "सांभाळून घ्या हं. नवीन आहे. शिकेल हळूहळू."

बटणं एकदाची लागली, पण एक काज चुकून. कॉलरचं एक टोक थेट कानाशी! बाहेर साहेबांना कामावर नेणारी गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. बाईंचा जीव खालीवर झाला आणि बोटं कधी बटणाशी पोचली, त्यांनाही कळलं नाही.

साहेबांनी बाईंची दोन्ही मनगटं धरली, अलगद त्यांच्या पाठीमागे नेऊन ठेवली आणि नव्या मुलीला समजावलं,

"बाई नवीन आहेत. शिकतील हळूहळू."