चाकामागची हाक

मित्रांनो, तुम्ही मला कधीच पाहिलेलं नाही, याची मला अगदी खात्री आहे. म्हणून आधी ओळख करून देतो. मी एक जुना ब्रेक पॅड आहे. झिजून झिजून दोन मिलिमीटर उरलेला. एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागे माझं सगळं आयुष्य गेलं. गाडी थांबली की लोक म्हणतात, ब्रेक छान आहेत, आणि डोळ्यांसमोर आणतात पायाखालची ती पट्टी. अहो, पट्टी नुसता निरोप देते! चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला घट्ट धरून गाडी थांबवतो तो मी. पण चाकामागे वाकून बघतंय कोण?

माझा जन्म पिठातून झाला. खरंच! धातूंची भुकटी, ग्रॅफाइट, बारीक तंतू आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी राळ असं सगळं एका मोठ्या भांड्यात कालवलं, पोलादी पाठीवर ठेवून साच्यात दाबलं आणि भट्टीत भाजलं. आमच्या घाण्यातल्या काही भावंडांना तर एका यंत्रात घालून मुद्दाम तोडून पाहिलं. पोट पाठीपासून सुटतंय का, हे बघायला. ती तुटली, पण सुटली नाहीत. त्यांच्या जिवावर आम्ही बाकीचे पास झालो. मग माझ्या पाठीवर कंपनीचं नाव, घाण्याचा नंबर आणि मी किती घट्ट धरतो ते सांगणारी दोन अक्षरं उमटवली. शेवटी कडेला एक छोटीशी वाकडी पोलादी पट्टी बसवली. ती माझी जीभ. मी संपत आलो की ती डिस्कला घासणार आणि किंचाळणार. म्हणजे बघा, जन्मभर गप्प बसायचं आणि अगदी शेवटी एकदाच बोलायचं, असं माझं नशीब ठरलं.

खोक्यात आम्ही चौघं होतो. दोघं डाव्या चाकाचे, दोघं उजव्या. माझ्या पोटाला पोट लावून माझा जोडीदार भाऊ झोपलेला होता. ते दिवस सर्वांत सुखाचे. तेव्हा मला ते कळलं नाही.

एक दिवस गॅरेजमध्ये एक बाबा आणि त्यांची शाळेतली मुलगी आली. बाबांची मनगटं शाईने कायमची निळसर झालेली. वीस वर्षं ते छापखान्यात यंत्र चालवत होते. मेकॅनिक काकांनी त्यांच्या गाडीचे जुने पॅड काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.

"जुने दाखवल्याशिवाय नवा खोका फोडायचा नाही, हा माझ्या गॅरेजचा कायदा," काका म्हणाले.

बाबांची नजर मात्र कपाटातल्या दुसऱ्याच खोक्यावर. त्यावर एक गाडी चक्क जाळातून उडी मारत होती. "उस्ताद, हे घेऊ या का? काय झकास दिसताहेत!"

"तुम्हाला जाळातून जायचंय की शाळेत जायचंय?" काका हसले. "हे शर्यतीचे. सणकून तापले की मग धरतात. सकाळी थंड असताना डुलक्या काढतात. आणि तुमचा उतार घरातून निघाल्या निघाल्या सुरू होतो."

मुलगी खुदकन हसली. काकांनी मला हातात घेतलं आणि उलटं केलं. "पॅडचं पोट सगळे बघतात. पाठ वाचायची. नाव आहे का, नंबर आहे का, धरायची अक्षरं आहेत का. तुमच्या गाडीचाच नंबर आहे का. कडेला चीर नको. खोक्यात नव्या क्लिपा हव्यात. नाव नाही, गाव नाही असा पॅड म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. उद्या काही झालं तर परत कुणाला पाठवणार?"

बाबांनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. छापखान्यातला अंगठा तो, अक्षरं चाचपून वाचणारा. मला गुदगुल्या झाल्या. "हेच बसवा," ते म्हणाले.

मग काका चाकाशी वाकले आणि मागे न बघताच बोलत राहिले. तेवढ्यात शेजारचा हवेचा पंप धडधडायला लागला. "पहिले दोनशे किलोमीटर हळू दाबा. आणि दर दहा हजाराला गाडी आणा, या दोन पिनांना ग्रीस लावावं लागतं. पिनांवर हा सांगाडा सरकतो, तेव्हा दोन्ही पॅड सारखे दाबतात. पिन सुकली की एकटाच राबतो बिचारा."

बाबांनी मान डोलावली. मित्रांनो, ते मान डोलावणं लक्षात ठेवा.

आम्हाला बसवलं आणि त्याच क्षणी मी आणि भाऊ वेगळे झालो. मी डिस्कच्या आतल्या बाजूला, अंधारात. तो बाहेरच्या बाजूला. मध्ये ती गरगरणारी लोखंडी भिंत. तो मला दिसत नव्हता. पण बाबांनी ब्रेक दाबला की मी इकडून डिस्कला टेकायचो, तो तिकडून. त्याचा भार डिस्कमधून मला कळायचा. आहेस ना? आहे. दिवसातून शंभर वेळा आमचं एवढंच बोलणं.

घर टेकडीवर, शाळा पायथ्याशी. मधे नागमोडी उतार, आणि शाळेसमोर पांढऱ्या पट्ट्यांवर उभ्या असायच्या थांबा मावशी. त्यांच्या हातात लाल गोल फळी, तिच्यावर लिहिलेलं 'थांबा', म्हणून सगळी शाळा त्यांना त्याच नावाने हाक मारायची. फळी वर गेली की मी डिस्कला कवटाळायचो, आणि पहिल्या पट्टीच्या हातभर अलीकडे गाडी उभी. "काय ब्रेक आहेत! लोणी!" बाबा म्हणायचे आणि स्टिअरिंगला थोपटायचे. स्टिअरिंगला! रविवारी गाडी धुतली जायची, काचा पुसल्या जायच्या, टपाला मेण लागायचं. माझ्यापर्यंत यायचं ते फक्त घाणेरडं पाणी.

दहा हजार किलोमीटर झाले. वीस झाले. पिना सुकल्या.

मला काय झालं तेच कळलं नाही. एका सकाळी मी डिस्कला टेकलो आणि पलीकडून भार आलाच नाही. आहेस ना? काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी म्हटलं, रुसला असेल. मी काही बोललो का? पण मला बोलता तरी कुठे येत होतं! महिने गेले. मी एकटाच दाबत होतो, एकटाच तापत होतो, एकटाच झिजत होतो. हळूहळू मीही रागावलो. जा, नको बोलूस. मित्रांनो, एवढ्या मोठ्या चाकात, एवढ्या खडखडाटात, माझ्याइतकं एकटं कुणी नसेल, असं मला वाटायचं.

मग एक दिवस माझी जीभ डिस्कला लागली.

चींऽऽऽ!

केवढा आवाज! मला वाटलं, आता सगळं जग थांबेल. बाबांनी गाडी वळवली, शीळ घालत पुढे नेली. मुलगी शेजारी बसली होती, कानांवर हेडफोन. कुणीही ऐकलं नाही.

आता त्या घरातली गोष्ट सांगतो, गाडीत बसून बोललं जायचं ते ऐकून मला कळलेली. यंत्रांच्या दणदणाटात बाबांच्या कानातून बारीक, उंच आवाज कधीच निघून गेले होते. पण ते कबूल करत नव्हते. "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता," असं म्हणायचे. एकदा जेवताना त्यांच्या धाकट्या भावाने थट्टा केली, "दादा ठार बहिरा झालाय!" बाबा भरल्या ताटावरून उठले. तेव्हापासून तो विषय घरात बंद. आईने बंद केला, मुलीनेही.

एका सकाळी हेडफोनची बॅटरी संपली. पहिल्याच वळणावर मुलगी दचकली.

"बाबा, हा आवाज कसला?"

"कसला?"

"चीं करून. तू ब्रेक दाबलास की येतो."

"छे! काही आवाज नाही. बाहेरचा असेल कुणाचा तरी."

पुढच्या वळणावर मी जीव तोडून किंचाळलो. मुलगी माझं ऐकत होती आणि बाबांकडे बघत होती. बाबा शांतपणे शीळ घालत होते. तेव्हा तिला समजलं. सांगायचं तर बाबांना 'तुला ऐकू येत नाही' असं म्हणावं लागणार. ती खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने गाडीत मोठ्याने गाणी लावली. तिसऱ्या दिवशी त्याहून मोठ्याने. माझी हाक शेवटी एका माणसापर्यंत पोचली होती, आणि तेच माणूस ती झाकून टाकत होतं. मला तिचा राग यायला हवा होता. पण उतार आला की तिचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर गच्च दाबला जायचा, जणू तिथेही एक ब्रेक आहे. तीसुद्धा पलीकडून भार न येणारी, एकटीच दाबत असलेली.

असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी थांबा मावशींची फळी वर गेली आणि पहिलीतली पोरं हातात हात घालून पट्ट्यांवर उतरली. बाबांनी ब्रेक दाबला. उजव्या चाकाने नीट धरलं. डाव्या चाकात मी एकटा. होतं नव्हतं ते सगळं मी त्या डिस्कला दिलं. तरी गाडीने उजवीकडे हिसका खाल्ला, पहिली पट्टी ओलांडली आणि दुसरीवर उभी राहिली. पोरं चार हातांवर. मावशी फळी घेऊन थेट खिडकीशी आल्या. बाबांनी काच खाली केली.

"अहो साहेब, वरच्या वळणापासून तुमची गाडी बोंबलत येते! आज नाही, रोज! पोरं हिला चींचीं गाडी म्हणतात. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"काय म्हणताहेत या?" बाबांनी मुलीला विचारलं.

मुलीने गाणी बंद केली. बाबांकडे पूर्ण वळली. एकेक शब्द तिने स्पष्ट म्हटला. "बाबा, ब्रेक किंचाळतोय. बारा दिवस झाले. तुला तो ऐकू येत नाही. आणि मी सांगितलं नाही, कारण तू परत ताटावरून उठशील."

बाबा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "बारा दिवस? आणि रोज बसत होतीस या गाडीत?"

"तुला एकट्याला कसं पाठवणार?"

बाबांनी गाडी कडेला लावली, किल्ली काढली आणि तिला शाळेच्या दारापर्यंत चालत सोडलं. गाडी गॅरेजमध्ये गेली ती दुसऱ्या गाडीला बांधून.

संध्याकाळी दोघं आली. वर्तमानपत्रावर आम्ही चौघं ओळीने. आणि माझ्या शेजारी, हो, अगदी शेजारी, माझा भाऊ! मी दोन मिलिमीटर. तो सात. काकांनी बोटाने सुकलेली, गंजलेली पिन दाखवली. "हिच्यामुळे बाहेरचा अडकून पडला. त्याला दाबताच येईना."

तो रुसला नव्हता. पिन सुकली होती. एवढंच. आणि मी वर्षभर त्याच्यावर रागावलेलो.

"दहा हजाराला या म्हटलं होतं ना मी?" काका म्हणाले. त्यांच्यामागे पंप धडधडत होता.

बाबांनी मान डोलावली नाही. ते म्हणाले, "म्हटलं असेल. मला ऐकू आलं नव्हतं. नुसतीच मान हलवली मी."

काकांनी जाऊन पंप बंद केला. "मग असं सांगायचं की हो, भल्या माणसा! आता समोर उभं राहून ओरडतो."

"ओरडू नका. पंप बंद केलात तेवढं पुरे."

मुलगी हसता हसता डोळे पुसत होती. काकांनी नवा खोका आणला, आमच्याच कंपनीचा. बाबांनी तो उजेडात धरला, तिरका केला, नाकाशी नेला.

"उस्ताद, हा खोटा आहे."

"काय बोलता! नेहमीच्या माणसाने दिलाय."

"लाल रंग बघा, काळ्या रेषेच्या बाहेर केसभर सरकलाय. सगळ्या अक्षरांना सावली आलीय. आमच्याकडे असा कागद रद्दीत जातो. चांगली कंपनी असं छापून घेणार नाही. कान गेले माझे, डोळे नाही गेले."

काकांनी खोका फोडला. मग बाबांनी मला उचललं, माझी पाठ रुमालाने पुसली आणि नव्या पॅडच्या पाठीशेजारी धरली. माझी अक्षरं कोरलेली, इतके उन्हाळे-पावसाळे खाऊनही जशीच्या तशी. त्याची नुसती रंगवलेली, अंगठा फिरवताच पुसली गेली. काकांचा चेहरा पडला. "उद्या स्वतः जाऊन आणतो," ते म्हणाले. "आणि नमुना म्हणून हा जुनाच बरोबर नेतो." खऱ्याची ओळख पटवायला मी! एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

नमुन्याचं काम झालं, आणि आता मी मुलीच्या टेबलावर असतो. मी आणि भाऊ, पोटाला पोट लावून. मध्ये डिस्क नाही. आमच्याखाली बाबांच्या कानांच्या तपासणीचा कागद आहे, पंख्याने उडू नये म्हणून. भाऊ अजून जाडजूड आहे. त्याला त्याची लाज वाटते, मी म्हणतो, असू दे.

परवा बाबा पहिल्यांदाच कानात छोटंसं यंत्र घालून घरी आले आणि चहा घेत खुर्चीत बसले. मुलीने हळूच मला उचललं. माझी जीभ तिच्या पोलादी मोजपट्टीवर टेकवली आणि ओढली.

चींऽऽऽ!

बाबा खुर्चीतून उडाले. चहा शर्टावर. "अगं ए! दात शिवशिवले माझे! बंद कर ते आधी!"

ती बंद करेना. ती हसत होती, रडत होती आणि मला ओढतच होती. बाबाही मग तसेच उभे राहून ऐकत राहिले.

मित्रांनो, नवे पॅड घ्याल तेव्हा पाठ वाचा, पिनांना ग्रीस लावा आणि चाकामागून हाक आली तर गाणी मोठी करू नका. आणि पलीकडून भार येईनासा झाला, तर रागावण्याआधी एकदा वाकून बघा. कदाचित तिथलं माणूस नुसतं अडकलेलं असेल.