वरच्या पट्ट्या

नांदूरघाटचा आसाराम मिस्त्री थकला होता, आणि थकलेल्या माणसाने कानस हातात धरू नये, एवढे साधे शहाणपण साठ गावांच्या पेट्या दुरुस्त करूनही त्याला आले नव्हते. भजनी मंडळांनी अडगळीत टाकलेल्या बाजाच्या पेट्या तो विकत घ्यायचा, भाता नवा करायचा, आतले पितळी सूर घासून जुळवायचा आणि दुसऱ्या मंडळाला विकायचा. ही पेटी मात्र दोन महिने झाले तरी हातावेगळी होत नव्हती. सागवानी, जर्मन सुरांची. असला माल आता मिळत नाही. वरच्या पट्ट्यांचे सूर त्याला दबलेले, बसलेले वाटत. तो टोकाला घासून सूर चढवी, कान लावी. पुन्हा बसलेलाच!

"मोबाइलवर सूर तपासून बघा की," त्याची बायको रतनबाई म्हणाली.

"माझ्या कानाला मोबाइल काय शिकवतोय?"

शेवटी तेलगावच्या भजनी मंडळाचे अंगदराव नात स्वप्नालीला घेऊन पेटी न्यायला आले. तिने भाता हलवला. खालचे सूर कसे भरून आले! बोटे वर सरकली तशी ती थांबली.

"आबा, वरचे सूर लई चढल्यात. कुणी घासले?"

या प्रश्नाला धंद्यात एकच उत्तर असते: आधीच्या मिस्त्रीने घाण केली. ते आसारामच्या ओठावर आलेही. पण अंगदराव जमिनीकडे बघत होते आणि रतनबाई चहाच्या कपाकडे.

"म्याच," तो म्हणाला. "मला ते बसल्यालेच ऐकू येत व्हते."

"म्हाईत हाय, मिस्त्री," अंगदराव हळूच म्हणाले. "मागल्या साली नेलेली बी अशीच व्हती. आमी वरच्या पट्ट्यांना हातच लावत न्हाई."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"पेटी तुमीच शिकवली आमाला. कोणत्या तोंडानं बोलावं?"

आसारामला मेल्याहून मेल्यासारखे झाले. वर्षभर अख्खे मंडळ त्याची चूक सांभाळून भजन म्हणत होते, आणि तो मात्र आपल्याच तोऱ्यात होता. घासलेले पितळ काही परत येत नाही.

"ही नेऊ नका," तो म्हणाला. "पण पोरी, एकदा वाजव. पार वरपर्यंत."

स्वप्नाली वाजवू लागली. सूर चढत गेले, बारीक झाले, आणि आसारामच्या लेखी संपले. तिची बोटे त्यानंतरही सहा पट्ट्या वर गेली. त्याने त्या सहाही मोजल्या.