टोळाची मांडी

दादाभाऊंनी उभी जवानी पुण्याच्या प्रयोगशाळेत टोळांच्या मागच्या मांड्यांना कुंचल्यानं गुदगुल्या करण्यात घालवली. मांडीला सारखा स्पर्श झाला की अंगातलं रसायन वाढतं आणि एकलकोंडा टोळही झुंडीत शिरतो, हे त्यांचं संशोधन. स्वतः मात्र गर्दीपासून चार हात लांब.

निरगुडसरच्या यात्रेत धाकट्या भावानं, संपतनं, त्यांना बैलगाडा शर्यतीला ओढून नेलं. "मी नुसतं निरीक्षण करणार," दादाभाऊंनी बजावलं. मागून रेटारेटी सुरू झाली, लोकांचे गुडघे मांडीला घासू लागले, गाडा सुटला. धुरळा बसला तेव्हा साहेब कठड्यावर चढून, अंगातला शर्ट काढून गरगरा फिरवत होते.

"दादा, गाडा कुनाचा व्हता ह्यो?" संपतनं विचारलं.

ठाऊक कुणाला! दादाभाऊंनी मांडी चोळली.