वीस मिनिटांचा गुलाल

"सहा सेकंद लई असतात," जिलानी सर म्हणाले. "तेवढ्यात म्या सायकलचं चाक खोलतो. तुमाला तर नुसता बॉल टाकायचाय."

चाक खोलायला सरांना दहा मिनिटं लागतात आणि त्यातली पाच पाना शोधण्यात जातात, हे पाचही मुलींना माहीत होतं. पण विभागीय स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटचे सहा सेकंद, आपण एका गुणाने मागे, समोर नांदेडचा संघ आणि तोही नांदेडच्याच मैदानावर. अशा वेळी गुरूला कोण खोटं पाडणार? नाझनीनने कोपऱ्यात उभं राहायचं, कॅप्टन दीपमालाने तिच्याकडे बॉल द्यायचा आणि बाकीच्यांनी वाट अडवायची, एवढं ठरवून मुली उठल्या.

जिलानी सर म्हणजे उदगीरच्या बसस्टँडमागचे पंक्चरवाले. सकाळी साडेपाच ते आठ मुलींना बास्केटबॉल शिकवायचा आणि मग दुकान उघडायचं, असा त्यांचा चोवीस वर्षांचा नेम. मैदानावरची रिंग त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बसवलेली. या चोवीस वर्षांत त्यांचे संघ सहा वेळा अंतिम फेरीत हरले होते, पण आत्ताचा संघ काही वेगळाच होता. या पाच जणी पाचवीपासून एकत्र खेळत होत्या. एकीने मान वळवली की दुसरीला कळायचं बॉल कुठे येणार. यंदा सलग एकतीस सामने त्या जिंकल्या होत्या आणि त्यांचा सराव बघायला दूधवाले वाटेत गाड्या थांबवायचे.

आणि पाचही जणी बारावीला होत्या. फेब्रुवारीत परीक्षा, मग कुणी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला, कुणी पुण्याला, कुणी आणखी कुठे. हा संघ पुन्हा कधी एका मैदानावर उतरणार नव्हता. कप घ्यायचा तर आजच. हे सरांनाही ठाऊक होतं आणि पोरींनाही, म्हणून कुणी ते बोलत नव्हतं.

मध्यंतरापासून लाईट गेली होती. त्यामुळे विजेचं घड्याळही बंद आणि माइकही बंद. वेळ बघायला टेबलावर बसलेल्या लिंबाजी सरांच्या एका हातात स्टॉपवॉच होतं आणि दुसऱ्या हातात शाळेची पितळी घंटा. मैदानाच्या कडेला दीपमालाचे आजोबा आप्पासाहेब, टेम्पोतून आणलेली गावची चाळीस माणसं, तीन हलग्या आणि गुलालाचं एक पोतं. आप्पासाहेबांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गुलाल कधी उधळायचा हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा त्यांचा समज होता. मागच्या ग्रामपंचायतीला शेवटची फेरी मोजायच्या आधीच त्यांनी गुलाल उधळला होता आणि अकरा मतांनी पडले होते. जित्याची खोड, दुसरं काय.

शिट्टी झाली. दीपमाला दोघींच्या मधून निसटली आणि तिने न बघताच बॉल कोपऱ्यात फेकला. नाझनीनने तो घेतला, उडी मारली आणि सोडला. बॉल रिंगवर आपटला, कडेकडेने एक गिरकी घेतली आणि आत पडला.

त्याच वेळी कधीतरी घंटा वाजली. आधी की नंतर, ते कुणाला सांगता येणार? तिन्ही हलग्या अशा कडाडल्या की घंटा कुणी ऐकलीच नाही. आप्पासाहेबांनी पोतं फाडलं. मिनिटभरात पोरी नखशिखांत गुलाबी झाल्या. आणि जिलानी सर, ज्यांना उदगीरने कधी मोठ्याने हसतानासुद्धा पाहिलं नव्हतं, दोन्ही हात वर करून नाचायला लागले. गुडघा दुखरा होता, म्हणून एकाच पायावर. नाचता नाचताच त्यांनी घरी फोन लावला आणि "जिकलो" म्हणून ओरडले. पलीकडून बायको दिलशाद काय म्हणाली ते हलगीत ऐकू आलं नाही.

इकडे पंच शिवशंकर सर टेबलाशी उभे होते. शेवटच्या क्षणी ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते, तरी घंटा आधी झाली असं त्यांचं मत पडलं. लिंबाजी सर होय म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी पंचांनी बास्केट रद्द केलं. माइक बंद, म्हणून निकाल सांगायला ते स्वतः त्या हलगीच्या गर्दीत शिरले. त्यांनी जिलानी सरांना गाठून सगळं नीट सांगितलं. सरांना वाटलं, माणूस अभिनंदन करायला आला आहे. त्यांनी पंचांचा हात दोन्ही हातांत घेतला, मान हलवली आणि गहिवरून शुक्रिया म्हणाले. मागून आप्पासाहेबांनी पंचांच्या डोक्यावर दोन मुठी गुलाल ओतला. पंच परत गेले आणि त्यांनी गुणपत्रकावर लिहून टाकलं की निर्णय उदगीरच्या प्रशिक्षकांना कळवला, त्यांना तो मान्य आहे.

नाच वीस मिनिटं चालला. मग कातडं ढिलं पडलं म्हणून हलगीवाले कागद पेटवून हलग्या शेकायला बसले, आणि त्या शांततेत पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. नांदेडच्या मुली, ज्या इतका वेळ माना खाली घालून बसल्या होत्या, त्या आता निकाल कळून एकमेकींना मिठ्या मारत होत्या.

सगळा उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. गावच्या तिघांकडे मोबाईलवर चित्रण होतं. तिन्हींत तेच दिसत होतं: बॉल हवेत आहे आणि लिंबाजी सरांनी हातातली घंटा अजून उचललेलीच नाही. नांदेडच्या प्रशिक्षक मॅडमनीही ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. शिवशंकर सरांनी दोनदा पाहिलं. त्यांच्या पापण्यांवर गुलाल होता.

"पंधरा मिनिटांच्या आत कॅप्टनने हरकतीची सही करायची असते," ते हळू आवाजात म्हणाले. "वेळ गेली सर. मी येऊन सांगितलं होतं. तुम्ही माझा हात धरून मान हलवली."

जिलानी सर तिथेच मैदानावर बसले. पंचांचा राग यायला हवा होता, पण आला तो स्वतःचा. चोवीस वर्षं ते मुलींना सांगत आले होते की बॉल रिंगमध्ये गेला तरी आधी टेबलाकडे बघा, मग खुशी करा. टेबलाकडे न बघता जिने टाळी वाजवली तिला मैदानाच्या दोन चकरा, हा त्यांचा नियम. आणि ज्या दिवशी खरोखर बघायचं होतं त्या दिवशी ते स्वतः एका पायावर नाचत होते. या पोरींचा एकुलता एक कप आपण नाचून घालवला, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "सही घ्यायची ती म्याच घ्यायची होती."

नाझनीन रडत होती आणि गुलालात तिच्या गालांवर दोन रेघा उमटल्या होत्या. दीपमाला मात्र सरांशेजारी मांडी घालून बसली.

"सर, कप दोन मिंटात देतेत," ती म्हणाली. "फोटो काढतेत अन् कपाटात ठिवतेत. आपून वीस मिंटं जिकलेलो होतो. येवढं तर कुणालाच भेटत न्हाई."

सरांनी मान वर केली नाही. तेव्हा नाझनीनने नाक पुसलं. "पर टेबलाकडं न बघता नाचले ना तुम्ही," ती म्हणाली. "दोन चकरा पडल्या, सर."

क्षणभर कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग छप्पन्न वर्षांचे जिलानी सर उठले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लंगडत लंगडत धावायला लागले. कॅप्टनला राहवेना, ती मागे धावली. मग नाझनीन, मग बाकीच्या. तोवर हलग्या शेकून खणखणीत झाल्या होत्या आणि हलगीवाल्यांना आमंत्रणाची गरज कधीच नसते. दुसऱ्या चकरेला नांदेडच्याही तीन-चार मुली यांच्या मागे धावत होत्या. आप्पासाहेब ज्याला त्याला विचारत होते की नक्की कोण जिंकलं, आणि उत्तर मिळायच्या आत पुन्हा पोत्यात हात घालत होते.

परत निघायच्या आधी सरांनी घरी दुसरा फोन लावला आणि जीव मुठीत धरून खरं सांगितलं. दिलशादने सगळ्या गल्लीत साखर वाटून टाकली होती.

"शक्कर तो बाट दी मैं," ती शांतपणे म्हणाली. "अब क्या घर-घर जाके वापस मंगूं? अच्छा खेले ना बच्चियां? फिर खाने दो लोगां को."

बक्षीस समारंभाचा फोटो आता सरांच्या दुकानात हवेच्या पंपावर लावलेला आहे. वरच्या पायरीवर स्वच्छ कपड्यांतल्या नांदेडच्या मुली कप धरून उभ्या आहेत, जरा अवघडलेल्या. खालच्या पायरीवर पाच गुलाबी मुली तोंडभरून हसत आहेत. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "गुलालवाल्या जिकल्या व्हय?" सर म्हणतात, "न्हाई. दुसरा नंबर."

"मंग ह्या कामून हासून राहिल्यात?"

 हातातली ट्यूब पाण्याच्या टबात तशीच सोडून सर फोटोपाशी जातात आणि डावीकडून एकेकीवर बोट ठेवून सांगायला लागतात, ही दीपमाला, आता लातूरला असते, ही नाझनीन, पुण्याला, ही उज्वला. गुलालात सगळ्या सारख्याच दिसतात, पण सर एकीच्याही नावात चुकत नाहीत. गिऱ्हाईकाला घाई असली तरी पाचही नावं होईपर्यंत त्याला थांबावं लागतं.