एकेचाळीस नंबर हजर

वडूजचे लालासाहेब फडतरे सव्वीस वर्षं फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशांच्या कामावर होते. ढिल्या माणसाचा त्यांना मनापासून तिटकारा, आणि माधवनगरच्या वीरधवलचा तर विचारूच नका. त्याला कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं, पण दर दोन महिन्यांनी त्याचा उद्धार ठरलेला.

भानगड अशी. वीरधवल आणि त्याच्या दोस्तांनी 'चालूबंद' नावाचा प्रोग्राम बनवून जगाला फुकट वाटला होता. गोठ्यात एक पेटी बसवा, फोनवरून मोटर चालू करा, बंद करा. प्रोग्रामच्या आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही वाचा, चूक दिसली तर साइटवर तक्रार लिहा. लालासाहेबांनी पेटी कडबा कापायच्या कुट्टी यंत्राला लावली आणि आठवड्यात चूक पकडली. फोनवर 'बंद' दाबलेलं असलं तरी लाइट जाऊन आली, की कुट्टी आपली सुरू! त्यांनी पेटी त्याच दिवशी उपटली. पण गावात अजून चाळीस गोठ्यांत ती होतीच. शेजारची बनाबाई अडकलेला कडबा ओढत असताना लाइट आली आणि बांगडी पात्यात गेली. हात वाचला, नशीब. तरी पेटी कुणी काढली नाही. फुकटची सोय कोण सोडतंय?

लालासाहेबांनी साइटवर लिहिलेली तक्रार नंबर एकेचाळीस. तिला साडेतीन वर्षं झाली. दुरुस्ती राहिली बाजूला, वीरधवलनं नियम काढला: जुन्या तक्रारीवर साठ दिवस कुणी बोललं नाही, तर ती आपोआप बंद.

"म्हंजे रोगी कण्हायचा थांबला, की बरा झाला म्हणायचं!" लालासाहेब फिसकन हसले. तेव्हापासून दर एकोणसाठाव्या दिवशी ते तक्रारीखाली एकच शब्द लिहायचे: 'हजर.'

या श्रावणात साताऱ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं फोन बघू दिला नाही, तीन दिवस हुकले, तक्रार बंद. खाली वीरधवलचा शेरा: 'कुणाला अडचण दिसत नाही.'

"दिसत न्हाई? ऑपरेशन माझं झालं, का ह्याचं?"

काळा चष्मा लावून, पेटी पिशवीत घालून त्यांनी एसटी धरली ती थेट सांगलीची.

सांगलीलगतच्या माधवनगरात दार वीरधवलनंच उघडलं. तिशीचा गडी, दाढी कोरलेली. ऐकून घेतलं आणि हसला. "काका, चारशे जुन्या तक्रारी पडल्यात. आम्ही हे फुकट करतो. आणि विहिरीवर लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू झालेली लोकांना हवीच असते. तो बग नाही, सोय आहे."

"आवं वीरधवलराव, बंद दाबल्यावरबी? मग ते बटन काय शोभंला ठेवलंय? आन् फुकट वाटलं म्हणून इखाचं अमृत हुतंय व्हय?"

"माझ्याकडे तसं होत नाही."

"कवा बघितलंसा?"

बघितलं कुणी होतं?

लालासाहेब सरळ स्वयंपाकघरात घुसले. ओट्यावर मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी वाटून ठेवलेली होती. त्यांनी मिक्सर पेटीला जोडला, त्याचं बटण एकवर ठेवलं, वीरधवलच्याच फोनवर 'बंद' दाबायला लावलं. मग भिंतीवरचं बटण बंद केलं आणि परत चालू केलं. मिक्सर घरघरला.

"होत असेल कधीतरी," वीरधवल म्हणाला. निगरगट्ट!

"बरं. परत." पुन्हा फोनवर 'बंद'. पुन्हा भिंतीवरचं बटण बंद, आणि चालू करायला बोट त्यावरच.

तेवढ्यात वीरधवलची आई आत आली. "पाहुणे आलेत आणि मला सांगायचं नाही होय रे? चटणी काढते, भाकरी खाऊन जा." तिनं झाकण उघडलं आणि बोटं भांड्यात घातली.

"आई, हात काढ!" वीरधवल केवढ्यानं तरी ओरडला.

"अरे, बंद आहे की. तुझ्या फोनवर लिहिलंय बघ."

"बंद नाहीये गं ते!"

बिचारी जागच्या जागी थिजली. लालासाहेबांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडून दाखवली. मिक्सरचा प्लग त्यात होता. बाईंची चाहूल लागताच त्यांनी तो उपटला होता. वीरधवलचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि लालासाहेबांना त्याची तिळमात्र कीव आली नाही.

"हां. आत्ता बोललासा त्येच ल्हिवा एकेचाळीसखाली," ते म्हणाले. "आन् बनाबाईबी कुणाची तरी आई हाय, त्येबी ल्हिवा."